दश्शीवर दिलेला कॉल: ऑनलाइन पोकरमधल्या एका संशयित विजेत्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २००७ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधलं, ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावरचं. कारभार कोस्टा रिकातून चालायचा आणि परवाना कॅनडातल्या मोहॉक लोकांच्या काहनावाके गेमिंग कमिशनचा होता. इथे खेळाडूंची खरी किंवा टोपण नावं दिलेली नाहीत. संशय ज्याच्यावर होता त्याला विजेता म्हटलं आहे, शेवटच्या डावात त्याच्याकडून हरलेल्याला उपविजेता, आणि पुढे येणाऱ्या तिसऱ्या खात्याला निरीक्षक.

खेळ नो-लिमिट टेक्सास होल्डेमचा. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग टर्न, मग रिव्हर. सगळा खेळ त्या दोन झाकलेल्या पानांभोवती फिरतो. समोरच्याची पानं दिसली तर पोकरमध्ये कौशल्याला कामच उरत नाही, फक्त हिशोब राहतो.

तपासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. खेळाडूला संकेतस्थळाकडून जी हँड हिस्ट्री मिळते, म्हणजे डावाची लेखी नोंद, तिच्यात त्याची स्वतःची पानं असतात आणि शेवटी दाखवाव्या लागलेल्यांची असतात. जे मधेच पानं टाकून देतात त्यांच्या हातात काय होतं ते कुणाला कळत नाही. म्हणजे फसवणुकीचा संशय घेणारा माणूस नेहमी अर्ध्या आंधळ्या नोंदीवरून काम करत असतो. या प्रकरणात ती नोंद एकदाच पूर्ण उघडी पडली, आणि तीही चुकून.

संशय कशाचा होता

मोठ्या रकमांच्या टेबलांवर नेहमी बसणारे खेळाडू फार थोडे असतात आणि ते एकमेकांचा खेळ तळहातासारखा ओळखतात. त्यांच्यात ऑगस्ट २००७ च्या सुमारास काही नवी खाती येऊन बसली. ती जवळपास प्रत्येक डावात उतरत. नवखा माणूस जे करतो तेच: कुठलीही दोन पानं घेऊन पैसे लावायचे, रेजवर रेज करायची, म्हणजे बाजी वाढवतच न्यायची. असं खेळणारा महिनाभरात खिसा रिकामा करून उठतो. ही खाती मात्र उठताना सगळ्यांचे खिसे घेऊन उठत होती.

संशयाचं मूळ या विसंगतीत होतं, नुसत्या जिंकण्यात नव्हतं. कुणी फार जिंकतो म्हणून तक्रार आली तर ती बहुधा हरणाऱ्याची चिडचिड असते. कुणी अत्यंत ढिसाळ खेळतो आणि तरीही रिव्हरवर कधीच चुकत नाही, अशी तक्रार आली तर ती बसून वाचावी. ढिसाळ खेळणाऱ्याकडे बहुतेक वेळा हलका हात असतो, त्यामुळे त्याला ब्लफ करावे लागतात, म्हणजे हातात काही नसताना मोठी बाजी लावून समोरच्याला पळवावं लागतं, आणि ब्लफ करणारा कधी ना कधी भक्कम हातावर आपटतोच. ही खाती आपटत नव्हती. समोर भक्कम हात असला की ती शांतपणे पानं टाकून बाजूला होत. समोर काहीच नसलं की स्वतःकडेही काहीच नसताना सगळ्या चिप्स पुढे ढकलत.

सप्टेंबरमध्ये १,००० डॉलर प्रवेश शुल्काची एक स्पर्धा झाली. शेवटी दोघे उरले. उपविजेत्याकडे नव्वी आणि दुर्री होती, दोन्ही एकाच रंगाची, आणि फ्लशला, म्हणजे त्याच रंगाच्या पाच पानांना, एक पान कमी होतं. रिव्हरला ते पान आलं नाही. हातात उरली नुसती नव्वी. जिंकायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे सगळ्या चिप्स लावून समोरच्याला पळवणं. त्याने ऑल-इन केलं. विजेत्याने कॉल दिला, म्हणजे तेवढीच रक्कम लावली, आणि पानं उघडली: दश्शी आणि नव्वी. जोडी नाही, क्रम नाही, काहीच नाही. दश्शीने नव्वीला हरवलं आणि स्पर्धा संपली.

पोकर न खेळणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. समोरचा ब्लफ मारत होता, याने तो पकडला. पण हिशोब करून पाहा. विजेत्याला सात पानं दिसत होती, दोन स्वतःची आणि पाच टेबलावरची. उरली ४५. त्यांतून दोन पानांच्या ९९० जोड्या निघतात. टेबलावरच्या कुठल्याही पानाशी जोडी जमवणारा प्रत्येक हात दश्शीला हरवतो. हातात आधीच जोडी असेल तर तीही हरवते. आणि खरी मेख पुढे आहे: समोरचा ब्लफच मारतोय असं धरलं, तरी एक्का, राजा, राणी किंवा गुलाम हातात ठेवून मारलेले ब्लफसुद्धा दश्शीला हरवतात. म्हणजे ‘तो ब्लफ मारतोय’ एवढं ओळखणं पुरेसं नव्हतं. ‘तो ब्लफ मारतोय आणि ब्लफमधलाही सगळ्यात तळाचा’ हे ओळखायला हवं होतं. भक्कम खेळाडूला इतका दाट वास आला तरी तो हातात निदान एखादी बारकी जोडी असेल तरच कॉल देतो.

आकडे काय सांगत होते आणि काय नाही

अशा वेळी लोक आधी विजयदर काढतात: दर १०० डावांमागे किती बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावावी लागणारी ठरावीक रक्कम) जिंकले. नो-लिमिट होल्डेममध्ये सातत्याने ५ जिंकणारा चांगला समजला जातो. मग कुणाचा ५० दिसला की ‘पकडला’ म्हणून ओरड होते. इथे घाई केली की हमखास चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

कारण साधं आहे. या खेळात चढउतार फार. १०० डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होणाऱ्या चढउताराचं माप, ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या घरात असतं. १०० धरून चालू. मग १,००० डावांनंतर विजयदरातली अनिश्चितता १०० भागिले १० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२. ना जिंकणाऱ्या ना हरणाऱ्या सामान्य खेळाडूला १,००० डावांत ५० चा दर नुसत्या नशिबाने मिळण्याची शक्यता साधारण १८ मध्ये १ येते. असे १,००० खेळाडू असतील तर त्यांतल्या पंचावन्न-साठ जणांवर विनाकारण बोट रोखलं जाईल. तेच ४०,००० डाव झाले की अनिश्चितता ५ वर येते, आणि ५० चा दर शून्यापासून दहा प्रमाण विचलनं दूर जातो. तिथे नशिबाची गोष्ट संपते.

अडचण अशी की संशयित खाती ४०,००० डाव होईपर्यंत थांबत नाहीत. शिवाय खेळाडूंकडे फक्त स्वतः बसलेल्या टेबलांच्या नोंदी असतात, आणि हरलेला डाव आठवतो तसा जिंकलेला आठवत नाही. त्यामुळे जमवलेल्या नोंदींत संशयिताचे विजय आपोआप जास्त भरतात. या एका कारणाने कितीतरी आरोप पोकळ निघतात.

म्हणून विजयदराचा उपयोग कुठे पाहायचं हे ठरवण्यापुरता. पुरावा शोधायचा तो निर्णयांत, आणि तोही नेमक्या निर्णयांत: जिथे लपलेली पानं माहीत असणाऱ्याने एक करावं आणि माहीत नसणाऱ्याने दुसरं. बाकीचे हजारो डाव या प्रश्नावर काहीच बोलत नाहीत. दोन एक्के घेऊन कुणीही रेज करतो.

समोर असलेले अर्थ

फसवणूक आहे असं मानलं तरी ती कोणत्या जातीची, हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. प्रत्येक जातीची खूण वेगळी असते.

संगनमत असेल, म्हणजे एकाच टेबलावरचे दोघे-तिघे फोनवर एकमेकांना पानं सांगत असतील, तर त्यांना फक्त एकमेकांची पानं कळतात. तिऱ्हाईताची पानं त्यांनाही झाकलेलीच. त्यामुळे दोघेच उरलेल्या डावात तिऱ्हाईताविरुद्ध त्यांचे निर्णय अचूक होत नाहीत. इथे विजेता शेवटच्या टप्प्यातही अचूक होता आणि स्पर्धेत टेबलं बदलत असताना कुणी ठरावीक साथीदार त्याच्याबरोबर फिरत नव्हता.

बळीच्या संगणकात हेरगिरीचा प्रोग्राम शिरला असेल, तर अचूकता त्या एकट्याविरुद्ध दिसते. इथे ती सगळ्यांविरुद्ध होती.

यंत्र खेळत असेल, किंवा माणूस खेळताना बाजूला गणित करणारा प्रोग्राम चालवत असेल, तर खेळ उलट दिशेने शंकास्पद होतो: फार नेटका, फार संतुलित, वेळेतही एकसारखा. हा खेळ नेटका नव्हताच. कोणताही प्रोग्राम दश्शीवर तो कॉल देत नाही, कारण समोरची पानं माहीत नसतील तर तो कॉल तोट्याचा आहे.

पत्ते पिसण्यातच दोष असेल ही शक्यताही कल्पनेतली नव्हती. १९९९ मध्ये संगणक सुरक्षेच्या एका गटाने प्लॅनेट पोकरवर वापरलं जाणारं पिसणं फोडून दाखवलं होतं. त्यात पिसण्याचा आरंभ मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवर ठरायचा. म्हणजे दिवसभरात जेमतेम ८.६४ कोटी वेगवेगळे क्रम शक्य होते, तर ५२ पानांचे खरे क्रम ६८ अंकी संख्येइतके असतात. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की शक्यता सुमारे २ लाखांवर यायच्या, आणि स्वतःची दोन व फ्लॉपची तीन पानं पाहून नेमका क्रम सापडायचा. पण असा माणूस पुढे येणारा टर्न आणि रिव्हरही जाणतो. या प्रकरणात विजेत्याचे निर्णय समोरच्याच्या हातातल्या पानांना धरून होते.

उरली शेवटची शक्यता: संकेतस्थळाच्या आतूनच कुणाला तरी सगळी पानं दिसत आहेत. जाणकार अशा खात्याला सुपरयूजर म्हणतात. हा आरोप सगळ्यात गंभीर, आणि सिद्ध करायला बाहेरच्या माणसाकडे सगळ्यात कमी साधनं. कुंपणच शेत खात असेल तर तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न खेळाडूंपुढे खराखुरा उभा होता.

त्यांच्यापुढे मार्ग तीन होते. गप्प बसून त्या खात्यांशी खेळणं टाळायचं. कंपनीकडे तक्रार करून उत्तराची वाट पाहायची. किंवा नोंदी जमवून जाहीर मांडायच्या. पहिल्यात स्वतःचे पैसे वाचतात, बाकीच्यांचे जातात. दुसरा करून पाहिला गेला. कंपनीचं उत्तर होतं की तपास केला, गैर काही आढळलं नाही. तिसऱ्यात धोका असा की पुरावा कच्चा निघाला तर निरपराध माणूस बदनाम होतो, आणि पक्का असला तर गुन्हेगार सावध होतो.

फाइल

उपविजेत्याने स्पर्धेनंतर कंपनीकडे स्वतःच्या डावांची नोंद मागितली होती. ही मागणी नेहमीचीच. उत्तरादाखल एक एक्सेल फाइल आली. ती अवाढव्य होती आणि वाचायला किचकट, त्यामुळे काही आठवडे तशीच पडून राहिली. मग कुणीतरी ती नीट उलगडली, तेव्हा कळलं की कंपनीने मागितलेलं सोडून सगळंच पाठवलं आहे. स्पर्धेतल्या प्रत्येक खेळाडूची झाकलेली पानं, पानं टाकून दिलेल्यांचीसुद्धा. कोणतं खातं कोणत्या क्षणी कोणत्या टेबलावर आलं. आणि खात्यांचे आयपी पत्ते व ईमेल.

विजेत्याचे डाव क्रमाने लावले तेव्हा जे दिसलं ते असं. पहिले दोन डाव त्याने पानं टाकून दिली. मग त्याच्या टेबलावर एक निरीक्षक आला, म्हणजे न खेळता नुसतं पाहणारं खातं. त्या क्षणापासून पुढची वीसेक मिनिटं विजेत्याने फ्लॉपच्या आधी एकही डाव सोडला नाही. आणि ज्या डावात त्याने अखेर पानं टाकली, त्यात दुसऱ्या एका खेळाडूकडे दोन राजे होते.

या एका ओळीपाशी थांबायला हवं. वीस मिनिटं प्रत्येक डावात उतरणारा माणूस लहरी असू शकतो. निरीक्षक येण्याची वेळ योगायोग असू शकते. पण लहर नेमकी झाकलेल्या दोन राजांसमोर मोडावी, आणि ते राजे त्याच्या जागेवरून दिसणं शक्य नसावं, असा योगायोग पुन्हा पुन्हा घडत नाही. फाइलमध्ये तो पुन्हा पुन्हा घडत होता.

निरीक्षकाचा खातेक्रमांक होता ३६३. लाखो खाती असलेल्या संकेतस्थळावर तीन आकडी क्रमांक म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळात, बहुधा चाचणीसाठी किंवा आतल्या माणसांसाठी उघडलेलं खातं. त्याचा आयपी पत्ता शोधत गेल्यावर माग कोस्टा रिकाला, कंपनीच्याच दारापाशी पोचला.

रचना आता स्पष्ट झाली. एक खातं खेळत होतं, त्याला स्वतःला काहीच जास्त दिसत नव्हतं. दुसरं खातं नुसतं पाहत होतं आणि त्याला सगळ्यांची पानं दिसत होती. दोघांमध्ये फोन असो नाहीतर एकाच खोलीतले दोन पडदे. खेळणारं खातं कितीही तपासलं तरी त्यात तांत्रिक गैरप्रकार सापडला नसता, कारण तो त्याच्यात नव्हताच. कंपनीच्या ‘काही आढळलं नाही’ या पहिल्या उत्तरामागे अप्रामाणिकपणा किती आणि चुकीच्या खात्याकडे पाहणं किती, हे सांगता येत नाही. पण केवळ जिंकणारं खातं तपासलं असेल तर ते उत्तर मिळणारच होतं.

कंपनीचे निर्णय

विश्लेषण जाहीर झाल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने मान्य केलं की आतल्या, विश्वासातल्या एका व्यक्तीने व्यवस्थेतली फट वापरून पानं पाहिली. इथे कंपनीपुढे एक अवघड वळण होतं. नेमकं काय, कसं आणि किती काळ घडलं हे त्या व्यक्तीलाच माहीत. बोलता करायचा तर बदल्यात काहीतरी द्यावं लागणार. कंपनीने नाव जाहीर न करण्याच्या बोलीवर संपूर्ण कबुली घेतली.

हा सौदा त्या वेळी फार झोडपला गेला, आणि ते रास्तच होतं. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की भरपाई कुणाला किती द्यायची हे ठरवायला कबुलीचा उपयोग होता. विरुद्ध बाजूला मात्र बरंच आहे. कबुली खरी की अर्धी, हे तपासायला सर्व्हरच्या नोंदी शाबूत हव्या होत्या, आणि काही नोंदी पुसल्या गेल्याचं पुढे नियामकाच्या तपासात निघालं. नोंदी पुसलेल्या आणि साक्षीदार स्वतः आरोपी, अशा स्थितीत त्याच्या शब्दावर भरपाईचा आकडा बसवणं म्हणजे चोराच्याच हाती तिजोरीची किल्ली.

निकाल

काहनावाके कमिशनने बाहेरच्या संस्थेकडून लेखापरीक्षण करवून घेतलं आणि जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला. फसवणूक सुमारे सहा आठवडे चालली होती. असा प्रकार कळताच २४ तासांत नियामकाला सांगण्याची अट कंपनीने पाळली नव्हती. दंड ५ लाख डॉलर, आणि पुढे अचानक तपासण्यांची अट. परवाना राहिला. गुन्हेगारांची नावं कमिशननेही जाहीर केली नाहीत. कंपनीने खेळाडूंना सुमारे १६ लाख डॉलर परत केले.

प्रकरण इथे मिटल्यासारखं दिसतं. पण त्याच मालकीखालचं दुसरं संकेतस्थळ होतं, अल्टिमेटबेट. तिथल्या एका खात्याचे आकडे खेळाडूंनी जानेवारी २००८ मध्ये मांडले. इतरांचे विजयदर एका आलेखावर ठिपक्यांनी दाखवले तर सगळे ठिपके एका पुंजक्यात होते आणि हा एक दूर कोपऱ्यात, सरासरीपासून सुमारे दहा प्रमाण विचलनं लांब. तिथलं कारस्थान आकाराने कितीतरी मोठं निघालं. कमिशनच्या अंतिम निष्कर्षानुसार ते मे २००३ पासून जानेवारी २००८ पर्यंत चाललं होतं, परतावा २ कोटी २० लाख डॉलरच्या वर गेला आणि दंड १५ लाख डॉलर झाला. तारखा शेजारी ठेवून पाहा: पहिल्या संकेतस्थळाचं लेखापरीक्षण चालू असताना भावंडाच्या घरात चोरी सुरूच होती.

पुढे दोन्ही संकेतस्थळं एकाच जाळ्यात जोडली गेली. मे २०१० मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या जाळ्यावर पानांची माहिती पक्क्या कूटलेखनाऐवजी अगदी प्राथमिक पद्धतीने झाकून पाठवली जात होती. त्याच वायफायवर बसलेल्याला ती उलगडता आली असती. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्याने मोठ्या पोकर कंपन्यांशी संबंधित लोकांवरचं आरोपपत्र उघड केलं, त्यात या कंपनीचेही लोक होते. अनेक खेळाडूंचे शिल्लक पैसे अडकले, आणि ते परत मागण्याची सरकारी प्रक्रिया २०१७ मध्ये कुठे सुरू झाली.

वेगळं काय करता आलं असतं

खेळाडूंच्या बाजूने पहिली उणीव पद्धतीची. फाइल हाती आली नसती तर त्यांच्याकडे होता तो पुरावा म्हणजे निवडून काढलेले डाव. निवडलेले डाव कुणालाही दोषी दाखवू शकतात. त्यापेक्षा डाव पाहण्याआधीच कसोटी लिहून ठेवावी. उदाहरणार्थ: रिव्हरवर मोठी बाजी समोर असताना संशयिताने घेतलेले सगळे निर्णय, एकही न वगळता. मग ते डाव समोरच्याची पानं झाकून तीन चांगल्या खेळाडूंना स्वतंत्रपणे द्यावेत आणि ‘तुम्ही काय कराल’ एवढंच विचारावं. संशयित कोण हे त्यांना सांगू नये. जिथे तिघांचं उत्तर एक आणि संशयिताचं दुसरं, ते डाव बाजूला काढावेत आणि मगच पानं उघडावीत. प्रामाणिक पण विक्षिप्त खेळाडू अशा डावांत बहुतेक वेळा पैसे गमावतो. पानं दिसणारा त्याच डावांत कमावतो. हीच कसोटी आणखी तीस-चाळीस विजेत्यांवर चालवली की तुलनेला पाया मिळतो. ती चालवल्याशिवाय ‘असं कुणीच खेळत नाही’ हे वाक्य लिहू नये.

पानं दिसणारा हुशार असेल तर मुद्दाम काही डाव हरतो, हेही लक्षात ठेवायला हवं. या प्रकरणातला हावरट होता म्हणून सापडला. दिवसातून एक-दोनच मोठ्या डावांत माहिती वापरणारा विजयदराच्या आलेखावर चांगल्या खेळाडूंच्या पुंजक्यात बेमालूम मिसळतो. त्याला शोधायचं तर छोटे डाव बाजूला ठेवून फक्त मोठ्या पॉटमधले, म्हणजे मोठी रक्कम जमलेल्या डावांतले, निर्णय वेगळे मोजावे लागतात.

कंपनीकडे पाहिलं तर मुळातली चूक रचनेची होती. कुठल्याही चालू डावातली झाकलेली पानं सर्व्हरबाहेर, त्या त्या खेळाडूखेरीज कुणाकडेही जाण्याचं कारण नव्हतं. तपासनीसाला पानं पाहावी लागतात हे खरं, पण डाव संपल्यावर. चाचणीसाठी खातं लागतं तर ते खऱ्या पैशांच्या सर्व्हरवर नको. आणि कोणत्या कर्मचाऱ्याने काय पाहिलं याची नोंद अशा ठिकाणी जावी, जिथून ती त्याला किंवा त्याच्या साहेबाला पुसता येणार नाही. निरीक्षकांची यादीही तपासाचाच भाग असायला हवी: एकच पाहणारा एकाच जिंकणाऱ्याच्या मागे टेबलामागून टेबल फिरतोय का, हा प्रश्न विचारायला साधी तुलना पुरते.

पण आतली फट बुजवली म्हणून बाहेरची बुजत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जीजीपोकरने मान्य केलं की एका खेळाडूने कंपनीचा प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर फोडून बदलला होता. टेबलावरच्या अंगठा वर-खाली करणाऱ्या गमतीच्या चिन्हांसाठी प्रोग्रामकडे जी माहिती येत होती, तिच्यावरून तो स्वतःच्या जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधत होता. त्याला कुणाची पानं दिसत नव्हती, फक्त आपण पुढे आहोत की मागे एवढं कळत होतं, आणि पोकरमध्ये तेवढं पुरतं. कंपनीने त्याचे २९,७९५ डॉलर जप्त करून ते नुकसान झालेल्यांना द्यायचं ठरवलं. इथेही पहिली ओरड ढिसाळ खेळ आणि अशक्य विजयदर या जोडीवरूनच झाली होती.

नियामकाने एका परवानाधारकाकडे असा प्रकार सापडताच त्याच मालकाची बाकीची संकेतस्थळं त्याच आठवड्यात तपासायला घ्यायला हवी होती, हे वरच्या तारखांवरून उघड आहे. परवाना तात्पुरता थांबवण्याची मागणी तेव्हा झाली. त्याने खेळाडूंचे पैसे अडकले असते, ही कमिशनची अडचण खोटी म्हणता येत नाही. पण शिल्लक पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावून मोठ्या रकमांची टेबलं बंद करणं, हा मधला मार्ग होता.

राहिली ती फाइल. तिच्यात ३६३ क्रमांकाबरोबर कितीतरी निरपराध लोकांचे ईमेल आणि आयपी पत्ते होते, ज्यांनी त्या रात्री फक्त एक स्पर्धा खेळली किंवा पाहिली. अशी नोंद हाती आली तर मूळ प्रत न उघडता जपून ठेवावी, तिची डिजिटल खूण (फाइल जराही बदलली तर न जुळणारी) काढून तारखेसह कुणा तिऱ्हाईताकडे द्यावी, आणि काम नकलेवर करावं. जाहीर करायच्या नकलेतून संशयित सोडून बाकी सगळ्यांचे पत्ते काढून टाकावेत. पानं मात्र सगळ्यांची ठेवावीत, कारण दोन राजे कुणाकडे होते हे दिसल्याशिवाय विजेत्याने तो डाव का सोडला ते कळत नाही.